पाड्यावर रात्री मुक्कामाला कोण असतं?

दर पावसाळ्यात एक फोटो येतो. बांबूला बांधलेली चादरीची झोळी, दोन-चार पुरुष ती खांद्यावर घेऊन चिखलातनं चाललेत आणि झोळीत बाई. २०२२ च्या ऑगस्टमधे पालघर जिल्ह्यातल्या मोखाड्याच्या मर्कटवाडीची बातमी आली होती, घरोघरी तिरंगा लावायच्या त्याच दिवसांत. बाईची जुळी बाळं गेली आणि तिलाही झोळीतनं रस्त्यापर्यंत आणावं लागलं. आपल्याकडे लगेच सुरू होतं, मुंबईपासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर ही अवस्था, रस्ता का नाही, आमदार काय करतो, वगैरे. दोन दिवस. मग गोविंदा आणि गणपती.

रस्ता हवाच, त्यात वाद नाही. पण अशा बातमीत एक गोष्ट कोणी विचारत नाही, की अशा बाईला आदल्या महिन्यात कोण बघून गेलं होतं, हिमोग्लोबिन किती होतं, पाय सुजले होते का, आणि रात्री दोन वाजता दुखायला लागलं तर जिचं दार वाजवता येईल अशी शिकलेली, हातात थोडी औषधं असलेली बाई हाकेच्या अंतरावर होती का. कारण रस्ता झाला तरी ॲम्ब्युलन्सला फोन करायचा हे ठरवणारं माणूस आधी लागतं. फोनला रेंज लागते ती गोष्ट वेगळीच.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की आदिवासी भागातलं आरोग्य काय आणि शिक्षण काय, दोन्ही पाड्यावर रात्री मुक्कामाला असणाऱ्या माणसावर चालतं. सकाळी जीपने येऊन दुपारी जीपने जाणाऱ्यावर नाही. आशा म्हणजे गावातलीच आरोग्य कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका, दाई, पाड्यातलीच बारावी झालेली पोरगी जी लहान पोरांशी त्यांच्या बोलीत बोलते, ही माणसं. आणि आपण गेली तीस वर्षं बरोबर उलटं करत आलोय. पैसा इमारतीला, गाडीला, ॲपला, कंत्राटाला, आणि या बायांना मानधन, तेही थकलेलं.

योजना कमी आहेत असं कोणी म्हणू नये. १९९२ मधे जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने शंभरावर मुलं गेली, तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होतं, मंत्री-संत्री सगळे धावले, आणि तिथनं जी योजनांची रांग लागली ती अजून संपलेली नाही. १९९५ ची नवसंजीवनी, तिच्यात डॉक्टरांची फिरती भरारी पथकं, मातृत्व अनुदान, दाई बैठका, पावसाळ्याच्या आधी धान्य पोचवणं. मग गरोदर बायांना गरम जेवणाची अमृत आहार. मग २०१४ मधे पालघर वेगळा जिल्हा, म्हणे मुख्यालय जवळ आलं की कामं होतील. मुंबई हायकोर्टात कुपोषणावरच्या याचिका नव्वदच्या दशकापासनं चालू आहेत, मेळघाटची २००७ सालची तर इतकी वर्षं ऐकली जातेय की ती दाखल झाली तेव्हा जन्मलेली पोरं आता मतदार झाली. दर वेळी कोर्ट खडसावतं, दर वेळी सचिव प्रतिज्ञापत्र देतात.

पैशाचंही तसंच. सुकथनकर समितीनंतर महाराष्ट्राने १९९३-९४ पासनं आदिवासींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे साधारण ९ टक्के, पैसा वेगळा काढायचं तत्त्व मान्य केलं. चांगलंच झालं. पण तो पैसा खर्च कसा झाला ते बघायला हायकोर्टाने नेमलेल्या न्यायमूर्ती गायकवाड समितीचा २०१७ चा अहवाल आहे. २००४ ते २००९ या काळातल्या आदिवासी विकास खात्याच्या खरेद्यांमधला गैरव्यवहार तिने तपासला. खरेदी म्हटलं की टेंडर आलं, टेंडर म्हटलं की पुरवठादार, आणि मग वरातीमागून घोडं तसे पावसाळा संपल्यावर रेनकोट. माणसाच्या पगारात असं खाता येत नाही हो, फार तर थकवता येतो. मला तर वाटतं म्हणूनच माणसावर खर्च करायला कोणाला फारसा उत्साह नसतो.

आता काय चालतं ते बघू, कारण नुसतं रडगाणं गाण्यात अर्थ नाही आणि आपल्याच राज्यात उत्तर सापडून पंचवीस वर्षं झालीत.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी सर्च ही संस्था १९८६ मधे सुरू केली. तिथे नवजात बाळं मरत होती, घरातच, पहिल्या महिन्यात. जंतुसंसर्ग, श्वास न घेणं, वजन कमी, थंडीने गार पडणं. दवाखाना लांब, आणि बाळंतिणीला नि बाळाला त्या दिवसांत घराबाहेर काढायची रीत नाही. मग त्यांनी काय केलं, तर ३९ गावांत गावातल्याच थोडंफार शिकलेल्या बायांना तयार केलं. बाळ जन्मलं की वजन करायचं, श्वास मोजायचा, उबदार गुंडाळायचं, आईला अंगावर पाजायला मदत करायची, आणि संसर्गाची लक्षणं दिसली तर अँटिबायोटिक द्यायचं, इंजेक्शनसुद्धा. तुम्ही कल्पना करा, त्या काळात डॉक्टर लोकांना हे किती झोंबलं असेल, पाचवी-सातवी शिकलेली बाई बाळाला सुई टोचणार! पण १९९९ मधे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आले, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. त्या भागातला बालमृत्यूदर हजारी १२१ होता तो पुढे ३० वर आला. ना नवं हॉस्पिटल बांधलं, ना हेलिकॉप्टर आणलं. गावात राहणारी बाई, तिला नीट प्रशिक्षण, तिच्या पिशवीत मोजकं सामान, आणि तिच्यावर नियमित देखरेख. शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे, ते सरकारी नकलेत गळाले.

नक्कल झाली. २०११ पासनं देशभर आशांना घरी जाऊन नवजात बाळ तपासायचं काम दिलं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर सहा भेटी, तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. या सगळ्याचे मिळून ठरले २५० रुपये. म्हणजे भेटीला ४२ रुपयेसुद्धा पडत नाहीत. एक पाडा डोंगराच्या या अंगाला, दुसरा त्या अंगाला, मधे ओहोळ. आमच्या गोरेगावात स्टेशनपासनं घरापर्यंत रिक्षाला याहून जास्त जातात आणि वर रिक्षावाला सुट्टे नाहीत म्हणतो.

२०२४ च्या फेब्रुवारीत याच आशा आझाद मैदानात बसल्या होत्या, राज्यभरातनं आलेल्या, मानधनवाढ कबूल केली त्याचा जीआर काढा म्हणून. त्याच्या आधी अंगणवाडी सेविकांचा संप, ४ डिसेंबर २०२३ पासनं ५२ दिवस. सीएसएमटीला उतरून ऑफिसला जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी त्या बायांकडे मान वळवून बघितलं? पोस्टर लावून बसलेल्या कुठल्यातरी संपकरी, एवढंच. मोखाड्याच्या फोटोवर रडका इमोजी टाकणाऱ्याला हे कळत नाही की त्या फोटोचा इलाज त्या मैदानात सतरंजीवर बसलाय. २०२१ मधे सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले होते, तेव्हाही लोक हसले. फोन हँग होत होते आणि पोषण ट्रॅकरचं ॲप इंग्रजीत. सेविकेने पोराचं वजन करायचं का इंग्रजीत त्याचं नाव कसं लिहायचं ते शोधत बसायचं?

जव्हारकडे आरोग्याचं काम करणारी माझी एक मैत्रीण आहे, तिच्याबरोबर गेल्या हिवाळ्यात एका अंगणवाडीत बसलो होतो. सेविकेकडे दंडघेर मोजायची पट्टी होती, ती कागदासारखी रंगीत. पोराच्या दंडाला मधोमध गुंडाळायची, साडेबारा सेंटिमीटरच्या वर हिरवा, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, साडेअकराच्या खाली लाल. लाल म्हणजे सॅम, तीव्र कुपोषित. एवढं सोपं आहे ते. एक पोर पट्टी बघूनच आईच्या पदरात शिरलं. सेविकेने आधी पट्टी स्वतःच्या बोटाला गुंडाळली, मग त्याच्या आईच्या बोटाला, मग त्याच्या हातातल्या भेंडीला, आणि तो हसायला लागला तेव्हा हळूच दंडाला. पिवळा. आईला तिने वारलीत काहीतरी सांगितलं, मला अर्धवट कळलं, पण सूर रागावल्याचा नव्हता. जीपने आलेल्या माणसाला भेंडीला पट्टी गुंडाळायला वेळ नसतो, त्याला त्याच दिवशी अजून चार पाडे करायचे असतात.

मग तिने रजिस्टर उघडून दाखवलं. दिवाळीपर्यंत पानं भरलेली, त्यानंतर नावांपुढे एकच शेरा, स्थलांतरित, स्थलांतरित. भात कापून झाला की माणसं भिवंडी, वसई, शहापूरच्या वीटभट्ट्यांवर जातात, नाहीतर ठाणे-मुंबईत नाक्यावर. उचल आधीच घेतलेली असते, तीही बऱ्याचदा कोणाच्या आजारपणासाठी नाहीतर लग्नासाठी, त्यामुळे जावंच लागतं. पोरं सोबत. पिवळ्या पट्टीतलं पोर डिसेंबरात भट्टीवर गेलं की ते जव्हारच्या यादीत नसतं आणि भिवंडीच्या यादीतही येत नाही, मेमधे परत येतं तेव्हा लाल झालेलं असतं आणि पुढे पाऊस. ती सेविका काय करते, तर भट्टीवर गेलेल्या आयांना फोन लावते. स्वतःच्या रिचार्जवर. पोर खातंय का, जुलाब लागलेत का, तिथली अंगणवाडी अमक्या ठिकाणी आहे तिथे जा. हे तिच्या कामाच्या यादीत कुठेही नाही. मैत्रीण म्हणाली, ताई तुम्ही हे लिहून ठेवा, वर दाखवता येईल, तर ती म्हणाली, लिहिलं तर उद्यापासनं त्याचाही फॉर्म येईल. यावर काय बोलणार.

अमृत आहार मला आवडलेली योजना आहे हेही सांगतो, नाहीतर सगळंच काळं रंगवल्यासारखं होईल. डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम यांच्या नावाने २०१५ मधे सुरू झाली, गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीतच दुपारचं पोटभर गरम जेवण, डाळ, भात, भाकरी, भाजी, अंडं किंवा केळं, आणि नंतर लहान मुलांनाही अंडी-केळी. कोरडा शिधा घरी दिला की तो सगळ्या घरात वाटला जातो आणि बाईच्या वाट्याला तळाचं येतं. इथे ती बसून खाते, चार जणी भेटतात, सेविकेला तिचा चेहरा रोज दिसतो. चालते कधी, तर पैसे वेळेवर आले तर. नाही आले की सेविका किराणावाल्याकडे उधारी करते, स्वतःच्या नावावर. देशाचं कुपोषण असं वाण्याच्या वहीवर चाललंय.

शिक्षणाकडे वळतो, कारण तिथे तर उत्तर अजून जुनं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ मधे बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं, १९५७ मधे कोसबाडच्या टेकडीवर गेलं, डहाणू तालुका. वारल्यांची पोरं बालवाडीत येईनात तर या बायांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. मोठी पोरं गुरं चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर गुरं चरतात तिथे शाळा, तिला कुरणशाळा म्हणायचे. पोरगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन बसते म्हणून शिकत नाही, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकाच जागी. साधनं कुठली, तर खडे, बिया, पानं, शिंपले. घराघरातली अडचण काय आहे ते बघून तिच्या मापाची शाळा शिवली. १९७५ मधे केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली, देशभर अंगणवाड्या झाल्या, पाटी लागली. कोसबाडची पद्धत मात्र पाटीबरोबर सगळीकडे गेली नाही.

आणि आपण मुख्य जोर कशावर दिला, तर आश्रमशाळांवर. सरकारी पाचशेच्या आसपास आणि जवळपास तेवढ्याच अनुदानित. सहा वर्षांचं पोर आईबापापासनं उचलायचं आणि हॉस्टेलवर ठेवायचं. लगेच अंगावर येऊ नका, मला माहितीये की आज जे आदिवासी शिक्षक, डॉक्टर, तहसीलदार दिसतात त्यातले कित्येक आश्रमशाळेतनंच आलेत, आणि आठवीनंतर मुलींसाठी तर वसतिगृहाला पर्यायच नाही. पण पहिलीतलं पोर? आपल्यातलं कोणी सहा वर्षांचं लेकरू शंभर जणांच्या हॉलमधे झोपायला पाठवेल का, जिथे रात्री ताप आला तर बघायला एक अधीक्षक, तोही असला तर? ताप, साप, बुडणं अशा कारणांनी आश्रमशाळांतली मुलं जात होती म्हणून २०१६ मधे डॉ. सुभाष साळुंखे यांची समिती नेमावी लागली. म्हणजे तिथेही प्रश्न तोच, रात्री कोण असतं.

२०२४ च्या ऑगस्टमधे पालघरच्या आश्रमशाळांत शेकडो मुलांना विषबाधा झाली, जेवण कांबळगावच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरातनं गाड्यांनी येत होतं. त्या स्वयंपाकघरामागचा हेतू वाईट नव्हता, स्वच्छ, यंत्रावर केलेलं, मोजून-मापून अन्न. पण एका जागी बिघडलं की शेकडो ताटात बिघडतं, आणि शाळेतल्या शाळेत रांधणाऱ्या दोन बायांचा रोजगारही जातो.

याच्याच उलट बाजूला नामांकित शाळांची योजना, इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळेत आदिवासी पोर पाठवा, फी सरकार भरतं. पालकांना इंग्रजी हवं असतं, त्यांना दोष नाही, आपल्याला नको होतं का? पण एकदम पहिलीतच, घरापासून तीन जिल्हे पलीकडे, अनोळखी भाषेत? आणि केंद्राच्या आदिवासी मुलांसाठीच्या निवासी एकलव्य शाळा, ७४० शाळांसाठी ३८,८०० माणसं भरायची घोषणा २०२३ च्या बजेटमधे झाली, भरती देशपातळीवर एकत्र, हिंदी येणं आवश्यक. परिणाम काय व्हायचा तोच, दूरच्या राज्यातले शिक्षक आले, त्यांना पोरांचं कळेना, पोरांना त्यांचं, आणि मग बदल्यांचे अर्ज. तिकडे गडचिरोलीत मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मधे स्वतःची गोंडी शाळा काढली, लोकवर्गणीवर, तर तिला शिक्षण खात्याची बेकायदेशीर म्हणून नोटीस. ग्रामसभा शाळा काढते तर नोटीस आणि वीसच्या आत पट असलेल्या सरकारी शाळा मात्र एकत्र करून एका समूह शाळेत गुंडाळायचा प्रस्ताव! पाड्याचा पट वीस नसतोच हो, पाडाच तीस घरांचा असतो.

पहिली ते चौथी पाड्यावर, घरच्या बोलीतनं सुरुवात करून हळूहळू मराठीत, आणि त्यासाठी प्रत्येक पाड्यावरची एक मुलगी शिक्षिका किंवा सहशिक्षिका म्हणून पूर्ण पगारावर. डीएड नसेल तर नोकरीत असताना करून घ्या. माझी मागणी एवढीच आहे, यात रॉकेट सायन्स नाही.

यावर नेहमीचा आक्षेप येतो की स्थानिक माणसाला जमणार नाही, ते अजून भगताकडे, म्हणजे मंत्र-तंत्राने उपचार करणाऱ्याकडे, जातात, अंधश्रद्धा आहे. मी उलटं म्हणतो. लोक भगताकडे का जातात? कारण भगत असतो. रात्री दोनला असतो, रविवारी असतो, संपावर जात नाही, बोली कळते, आणि फी म्हणून कोंबडी चालते. प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर कंत्राटी, त्याचं घर नाशिकला, शनिवारी गेला की सोमवारी उगवतो. साप चावल्यावर अँटिव्हेनम लागतं, भगताने भागत नाही, हे मान्यच. पण लोकांना भगतापासनं सोडवायचं तर भगत जिथे राहतो तिथे दुसरं कोणी राहायला नको का?

आणि हो, सगळं पाड्यावर होत नाही, हे मी झाकून ठेवत नाही. सिझेरियनला सर्जन लागतो, भूल देणारा लागतो, रक्त लागतं. जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयातनं केस नाशिकला, नाहीतर सिल्वासा-वलसाडला पाठवतात, ही महाराष्ट्राला लाज वाटायची गोष्ट आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंही तसंच. केंद्राने जुलै २०२३ मधे २०४७ पर्यंत सिकलसेल संपवायचं मिशन काढलं, सात कोटी लोकांची तपासणी करायची. या आजारावर काम करणारी आयसीएमआरची संस्था आपल्या परळला, केईएमच्या आवारातच आहे, ज्ञान इथेच आहे. पण तपासणी करून कार्ड हातात दिलं म्हणजे आजार सांभाळला असं नसतं. दुखणं उठलं की पाणी पाज, ऊब दे, गोळी रोज दे, आणि मुलगा-मुलगी दोघंही आजाराचे वाहक असतील तर लग्नाआधी बोल, हे नाजूक बोलणं कोण करणार? शिबिराची गाडी तर निघून गेली. हॉस्पिटल आणि पाड्यावरची बाई यातलं एक निवडायचं नसतंच, पण हॉस्पिटलचं भूमिपूजन होतं, फीत कापता येते, बाईची फीत कशी कापणार.

बाहेरच्या देशांत हेच धडे महागात शिकलेत. सिडनीच्या रेडफर्न भागात मूळनिवासी लोकांनी १९७१ मधे स्वतः चालवायचा दवाखाना काढला, कारण शहरातल्या दवाखान्यांत त्यांना नीट वागवत नव्हते. न्यूझीलंडमधे माओरींनी १९८२ पासनं आजी-आजोबांच्या हातात बालवाड्या दिल्या, कोहांगा रेओ. ऑस्ट्रेलिया सरकारने २००८ मधे मोठं उद्दिष्टपत्र काढलं, दहा वर्षांनी बघितलं तर बहुतेक उद्दिष्टं हुकलेली, मग २०२० मधे नवा करार केला तो मूळनिवासींच्या संघटनांशी बसून, त्यांना भागीदार करून. तिकडे सगळं आलबेल झालंय असं नाही. पण ताबा कोणाकडे हा प्रश्न निदान टेबलावर आला.

आता मुंबई. आपण जव्हार-मोखाडा लांबचं समजतो, पण गोरेगाव स्टेशनवरनं बस पकडून अर्ध्या तासात आरेतल्या पाड्यावर पोचता येतं. केल्टीपाडा, जीवाचा पाडा, खांबाचा पाडा, असे २७ पाडे तिथलेच लोक सांगतात, शिवाय नॅशनल पार्कातले. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी. आरेची दूध वसाहत १९४९ ची, ही माणसं त्याच्या आधीची. २०१९ च्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी रात्रीत झाडं तोडली तेव्हा मुंबईला त्यांची आठवण झाली, झाडं संपली, आठवण संपली. तिथे अजून संडाससाठी रानात जावं लागतं अशी घरं आहेत, आणि रानात बिबट्या आहे, २०२२ च्या दिवाळीत दीड वर्षाच्या पोरीला घेऊन गेला. संध्याकाळी सातनंतर पोर क्लासला पाठवायचं म्हणजे आईच्या जिवाला घोर, म्हणून दहावीतला मुलगा अंधार पडायच्या आत घरात.

गंमत म्हणजे, गंमत कसली, पण ही माणसं योजनेत बसत नाहीत. अमृत आहार अनुसूचित क्षेत्रासाठी, मुंबई अनुसूचित क्षेत्र नाही, म्हणजे तीच वारली बाई जव्हारला गरोदर असेल तर ताट, आरेत असेल तर नाही. जातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात, ज्याच्या आजोबाच्या नावावर ना सातबारा ना शाळेचा दाखला त्याने कुठनं आणायचा? दाखला नाही म्हणून स्कॉलरशिप नाही, वसतिगृह नाही, मग पोरगं बारावीनंतर फिल्मसिटीत सेट लावायला. हे फक्त मुंबईचं नाही. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीने २०१८ मधे आदिवासी आरोग्यावरचा देशाचा अहवाल दिला, त्यात आहे की देशातल्या १०.४ कोटी आदिवासींपैकी निम्म्याहून जास्त लोक आदिवासीबहुल तालुक्यांच्या बाहेर राहतात. योजना नकाशाला चिकटलेल्या आणि माणसं नकाशाबाहेर. २०११ च्या जनगणनेत मुंबईच्या दोन जिल्ह्यांत मिळून आदिवासी लाखाच्या वर होते. तेव्हा योजना जमिनीला नाही, माणसाला जोडा, आणि पाड्यातल्या माणसांच्या साक्षीवर, पंचनाम्यावर दाखला द्या.

महापालिकेच्या आरोग्य सेविका आरेत येतात, त्या चांगलं काम करतात, पण मी बघितलेल्या पाड्यांवर त्या बाहेरनं येतात आणि दिवस मावळायच्या आत जातात, जायलाच हव्यात. २७ पाड्यांत २७ बाया नेमणं, त्यांना महिन्याच्या महिन्याला पगार देणं, हे २०२५-२६ ला ७४,४२७ कोटींचं बजेट मांडणाऱ्या पालिकेला जड आहे का?

आणि पालिकेवर बोलतोच आहे तर पाण्याचंही बोलू. मुंबईला रोज साधारण ३९०० दशलक्ष लिटर पाणी पुरवलं जातं, त्यातलं जवळजवळ सगळं तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसातनं. म्हणजे शहापूर, मोखाडा, इगतपुरीच्या डोंगरातनं, ठाकर, वारली, कातकरी, महादेव कोळ्यांच्या मुलखातनं. मध्य वैतरणा तर मोखाड्यातच, २०१४ मधे पूर्ण झालं. एप्रिल-मेमधे त्याच तालुक्यांत टँकर फिरतात आणि बाया हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात. गाळाचं पाणी प्यायलं की जुलाब, जुलाब झाले की पिवळी पट्टी लाल. आपल्या नळाचा आणि त्या पट्टीचा संबंध इतका सरळ आहे.

आता वाड्याकडे गारगाई धरणाचं घाटतंय. किती गावं उठणार, किती झाडं जाणार, बदल्यात कुठे लावणार यावर चर्चा चालू आहे. त्याच कागदात धरणक्षेत्रातल्या आणि आजूबाजूच्या प्रत्येक पाड्यावरची एक आशा, एक सेविका आणि एक बालवाडीताई यांचा पूर्ण पगार कायमचा पालिकेने द्यायचा, असं कलम घाला. पैसे ग्रामसभेच्या खात्यात, नेमणूक ग्रामसभेने करायची, प्रशिक्षण आणि देखरेख आरोग्य खात्याने. पालिकेला हद्दीबाहेर असा खर्च करता येत नाही असं कोणीतरी अधिकारी नक्की म्हणेल. धरण हद्दीबाहेरच बांधतायत ना?